मॉकला कधी ९८, कधी १२१, मग खरे किती समजायचे?

या वेळचं पत्र कराडहून आलंय. बारावी सायन्सची मुलगी आहे, सही केलीये 'तुक्केबाज' अशी, आणि ती का केली ते पत्र वाचलं की कळतं. पत्र बरंच मोठं आहे म्हणून मतलबाचं तेवढं सांगते. बोर्ड संपलंय, आता सगळा भर एमएचटी-सीईटीवर (इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठीची राज्याची प्रवेशपरीक्षा), पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचा ग्रुप, हातात साधारण पाच आठवडे, पुण्यात कॉम्प्युटरला जायचंय. रोज एक फुल मॉक, म्हणजे अख्खी सराव परीक्षा, देते, कधी क्लासची तर कधी मोबाइलवरच्या ॲपवर. मागचे पाच स्कोअर २०० पैकी असे आहेत: ९८, ११३, १०४, १२१, १०९. बाबांनी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, त्यावर रोजचे मार्क लिहितात आणि आदल्या दिवसापेक्षा कमी आले की लाल स्केचपेनने. क्लासवाले रविवारी रात्री ग्रुपवर रँक लिस्ट टाकतात, तो ग्रुप आईच्या फोनवर, त्यामुळे रविवारचं जेवण कसं होत असेल ते तुम्हीच समजून घ्या. तिचे प्रश्न तीन. १०९ म्हणजे पर्सेंटाइल किती, रोज मॉक देऊनही मार्क का हलत नाहीत, आणि बाबांना काय सांगू. सोबत शेवटच्या मॉकचे स्क्रीनशॉट पाठवलेत, कुठल्या प्रश्नाला किती वेळ गेला ते दाखवणारे, हे फार बरं केलं.

अगं तुक्केबाज, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते कारण ते मिळाल्याशिवाय तू पुढचं काही नीट वाचणार नाहीस. १०९ ला किती पर्सेंटाइल हे आत्ता कोणीही सांगू शकत नाही आणि जो सांगतो तो अंदाजपंचे दाहोदरसे सांगतो. सीईटी बऱ्याच शिफ्टमध्ये होते, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, आणि तुझं पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या शिफ्टला बसलेल्या पोरांपैकी शेकडा किती जणांना तुझ्याएवढे किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्क पडले, बास एवढंच. पेपर अवघड निघाला तर तेच १०९ वर चढतात आणि सोपा निघाला की खाली घसरतात. ॲप जे पर्सेंटाइल दाखवतं ते त्या ॲपवर ती टेस्ट दिलेल्या पोरांमधलं, त्यात कोणी अर्ध्यात उठून गेलेला असतो, कोणी तीच टेस्ट दुसऱ्यांदा देत असतो, त्याचा तुझ्या शिफ्टशी काडीचा संबंध नाही. २०२५ ला पीसीएमला चार लाखांच्या वर पोरं बसली होती, म्हणजे एक पर्सेंटाइल इकडचं तिकडे झालं की चार हजार पोरं पुढे नाहीतर मागे, त्यामुळे यूट्यूबवरचे ते 'मार्क्स व्हर्सेस पर्सेंटाइल' वाले तक्ते बघून कॉलेज ठरवत बसू नकोस. बघायचंच असेल तर परीक्षा घेणारं सीईटी सेल कॅप राउंडचे, म्हणजे ॲडमिशनच्या फेऱ्यांचे, कटऑफ पीडीएफमध्ये टाकतं, त्यात तुला हवं ते कॉलेज, ती ब्रँच आणि तुझ्या कॅटेगरीचा रकाना एकदा बघ, वहीत लिहून ठेव आणि ती पीडीएफ बंद कर, परीक्षा होईपर्यंत परत उघडायची नाही.

आता ते पाच आकडे. तू लिहितेस की ११३ नंतर १०४ आले त्या रात्री झोपच लागली नाही. आणि त्याच पत्रात खाली लिहितेस की गणितात दर वेळी वीसेक प्रश्न नुसते ठोकते, म्हणजे न सोडवता अंदाजाने पर्याय निवडते. ठोकायलाच पाहिजेत, त्यात काही चूक नाही, सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही (जेईई मेन देऊन आलेली काही पोरं सवयीने कोरे सोडून येतात आणि नंतर हळहळतात). पण हिशोब बघ ना. चार पर्यायांत वीस तुक्के मारले तर सरासरी पाच लागतात. सरासरी पाच, दर वेळी पाच नाही. एखाद्या दिवशी तीन लागतात, एखाद्या दिवशी सात, आणि हे अगदी नेहमीचं आहे, नशीब फळफळलं म्हणण्याइतकं पण त्यात काही नाही. गणिताचा एक प्रश्न दोन मार्कांचा, म्हणजे तीन लागले तर ६ मार्क आणि सात लागले तर १४. आठ मार्कांचा फरक इथेच पडला, तू काही नवीन शिकलीही नाहीस आणि काही विसरलीही नाहीस. वर फिजिक्स केमिस्ट्रीचे तुक्के वेगळेच. ११३ वाली आणि १०४ वाली एकच मुलगी आहे गं, उगाच झोप घालवलीस.

१२१ ची भानगड वेगळी आहे. ते ॲपवरचे आहेत आणि तूच लिहिलंयस की त्या ॲपवर तिन्ही विषय एकदम उघडे असतात, केमिस्ट्री लवकर संपली म्हणून गणिताला जवळजवळ दोन तास मिळाले आणि 'मस्त गेला पेपर'. खऱ्या परीक्षेत असं चालत नाही. पहिली ९० मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ती वेळ संपली की तो भाग बंद, मग गणिताच्या ५० प्रश्नांना वेगळी ९० मिनिटं. इकडची वाचलेली मिनिटं तिकडे नेता येत नाहीत. त्यामुळे १२१ खोडून टाक. बाबांना वाईट वाटेल कारण त्या कागदावरचा तो सगळ्यात मोठा आकडा आहे, पण तो आकडा सीईटीचा नाहीच. ९८ क्लासच्या पेपरचे, आणि काही क्लास परीक्षेच्या तोंडावर मुद्दाम डोकं फिरेल असे पेपर काढतात (काही उलट सोपे काढतात, पालक खूश, पुढच्या बॅचची ॲडमिशन पक्की). चार ठिकाणचे पेपर एकाखाली एक लिहून त्यातून मुलगी सुधारतेय का बिघडतेय हे कसं कळणार, तूच सांग.

इथून पुढे मोजायचेच असतील तर एकाच प्रकारचे पेपर घे. मागच्या वर्षांच्या सीईटीचे शिफ्टवाइज पेपर मिळतात ते सगळ्यात चांगले. फक्त २०२१ पासूनचे घे, बारावीची बालभारतीची पुस्तकं २०२० ला बदलली आणि त्याआधीच्या पेपरात जुना सिलॅबस आहे, उगाच नसलेल्या गोष्टीवर डोकं आपटत बसशील. आणि वेळ दोन तुकड्यांतच लावायची, ९० आणि ९०, ॲप तशी सोय देत नसेल तर मोबाइल बाजूला ठेवून प्रिंटवर दे आणि घड्याळ समोर ठेव.

आता स्क्रीनशॉट. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते त्यामुळे आधी गणितच उघडलं. फिजिक्स २८, केमिस्ट्री ३७, गणितात २२ बरोबर म्हणजे ४४, एकूण १०९. तू पत्रात लिहिलंयस 'मॅथ्स कच्चं आहे'. मला तसं दिसत नाही. मला दिसतंय ते असं की पहिल्या छत्तीस प्रश्नांत तुझी ८७ मिनिटं गेली आणि शेवटचे चौदा प्रश्न तीन मिनिटांत उडवलेस, सगळ्यांना 'सी'. चौदांतले चार लागले. आता त्या चौदांत काय होतं ते बघ. एलपीपीचे (लिनिअर प्रोग्रॅमिंग) दोन होते. लॉजिकचा एक, 'पी इम्प्लाइज क्यू' चं निगेशन. बायनॉमिअलचा एक, मीन ६, व्हेरिअन्स २, तर एन किती. अगं, दोनला सहाने भागलं की क्यू एक तृतीयांश, म्हणून पी दोन तृतीयांश, म्हणून एन नऊ, लिहायलाही लागत नाही. तू तिथे 'सी' ठोकलंस आणि ते चुकलं. चौदांतले किमान आठ प्रश्न तुला येत होते, आधीच्या पेपरात असलेच प्रश्न तू सोडवलेत असं तुझ्याच यादीत आहे. आठांपैकी सहा जरी जमले असते आणि त्यातले एक-दोन तुक्क्याने आलेच होते असं धरलं तरी चार प्रश्न जास्त, म्हणजे आठ मार्क, एकही नवीन चॅप्टर न उघडता.

मग ती मिनिटं गेली कुठे? चार प्रश्नांत २७ मिनिटं. एकाला आठ, एकाला सात, दोघांना सहा सहा. चारातले तीन शेवटी चुकलेच. चौथा, आठ मिनिटंवाला, बरोबर आला आणि त्याच्यापुढे तू हिरवी टिक केलीयेस, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याच टिकेचा आला. प्रश्न आहे शून्य ते पाय बाय टू, वर साइन एक्स, खाली साइन एक्स अधिक कॉस एक्स. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घाल, दोन्ही इंटिग्रल बेरीज कर, उत्तर पाय बाय फोर, तीन ओळी. तू बहुतेक सबस्टिट्यूशन करत बसलीस. म्हणजे उत्तर आलं पण तो प्रश्न तुला येत नाही, सीईटीच्या हिशोबाने तरी. मॉक तपासताना पोरं फक्त लाल फुल्या बघतात, बरोबर आलेल्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि हे असले महागात पडलेले बरोबर प्रश्न तसेच राहून जातात, मग परीक्षेत परत तिथेच आठ मिनिटं.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, मार्क का हलत नाहीत. कारण तू मॉक देतेस, मार्क बघतेस, वाईट वाटून घेतेस आणि दुसऱ्या दिवशी पुढची मॉक देतेस. दुकानदाराने रोज रात्री गल्ला मोजायचा आणि कुठला माल खपला, कुठला पडून राहिला हे बघायचंच नाही, तसलं चाललंय. तीन तासांच्या मॉकमध्ये मार्क ही सगळ्यात कमी कामाची गोष्ट आहे, कामाचं सगळं त्या दीडशे प्रश्नांत आहे आणि ते बघायला तुला वेळच उरत नाही.

तर उद्यापासून असं कर. पेपर देताना रफ पेपरवर प्रश्नाच्या नंबरापुढे खूण करायची. पक्का माहीत असेल तर टिक, दोन पर्याय उडवून दोनांतला एक निवडला असेल तर अर्धा, नुसता ठोकला असेल तर ठोकला. एक सेकंद लागतो, पेपर संपल्यावर आठवून खुणा केल्यास तर त्याला अर्थ नाही कारण उत्तर कळल्यावर सगळं 'मला माहीतच होतं' वाटतं. मग तपासताना नुसते टिकवाले बरोबर किती ते मोज. तो तुझा पक्का आकडा. तो १०९ पेक्षा बराच कमी येईल, घाबरू नकोस, पण तो असा उड्या मारत नाही. दोन आठवड्यांत तो वाढला तर तू खरंच पुढे गेलीस आणि नाही वाढला तर नाही, मॉक कितीही चांगली जावो.

आणि टिक केलेला चुकला असेल तर त्याच्यावर सगळ्यात आधी जा. येत नाही हे माहीत असलेला चॅप्टर परवडला, पण येतं असं वाटून चुकतं ते दर पेपरला चुकतं. ते वरचं निगेशन घे, अर्ध्या वर्गाला वाटतं 'नॉट पी इम्प्लाइज नॉट क्यू', आणि ठामपणे वाटतं. असतं 'पी अँड नॉट क्यू'. फिजिक्समध्ये एका टोकाला बंद असलेल्या पाइपचा पहिला ओव्हरटोन कितवा हार्मोनिक, पोरं झोपेतून उठून सांगतात दुसरा, असतो तिसरा, कारण तिथे सम हार्मोनिक येतच नाहीत. असल्या गोष्टींसाठी एक छोटी वही कर, एका चुकीला एक ओळ, पूर्ण सोल्यूशन उतरवायचं नाही, नुसतं 'क्लोज्ड पाइप फर्स्ट ओव्हरटोन थर्ड हार्मोनिक' एवढंच. पुढच्या मॉकच्या आधी वही वरून खालपर्यंत वाचायची, दहा मिनिटांचं काम.

बाकीचे चुकलेले घड्याळ न लावता परत सोडव. तू लिहिलंयस की शेवटच्या मॉकमधले सात घरी निवांत बसून जमले. मग ते सात अभ्यासाचे नाहीत, वेगाचे किंवा घाईतल्या चुकांचे आहेत, त्यांच्यासाठी परत थिअरी वाचत बसणं म्हणजे वेळ फुकट. निवांत बसूनही जे येत नाहीत तेवढ्यांसाठी पुस्तक उघडायचं. आणि चार-पाच दिवसांनी तेच प्रश्न कोऱ्या कागदावर परत. सोल्यूशन वाचून 'हां कळलं' म्हणणं आणि हाताने सोडवणं यात किती अंतर आहे ते तेव्हा कळतं.

वेळेचं एक साधं गणित डोक्यात ठेव. फिजिक्स केमिस्ट्रीला एका प्रश्नाला ५४ सेकंद, गणिताला १०८. केमिस्ट्रीचे बरेचसे प्रश्न वाचले की उत्तर असे असतात, ते आधी घे आणि पस्तीसेक मिनिटांत गुंडाळ, उरलेली पंचावन्न फिजिक्सला. तू फिजिक्स आधी घेतेस आणि केमिस्ट्रीचे शेवटचे दहा घाईत करतेस असं दिसतंय, एक-दोन मॉक उलट करून बघ, नाही पटलं तर सोडून दे, सगळ्यांना एकच ऑर्डर बसते असं नाही. गणितात पहिल्या फेरीत फक्त वाट दिसते तेवढेच. दोन मिनिटं झाली आणि उत्तर दिसत नसेल तर रिव्ह्यूला लाव आणि पुढे हो, मन कितीही म्हणो की आता येतच आलंय.

अजून एक. तू एका ओळीत लिहून टाकलंयस 'अकरावी विसरले, आता सोडूनच दिली'. सोडून कशी देतेस? वीस टक्के अकरावी असते, म्हणजे प्रत्येक विषयात दहा प्रश्न, फिजिक्सचे १०, केमिस्ट्रीचे १०, गणिताचे २०, दोनशेत ४० मार्क झाले. सगळी अकरावी नसते, ठरावीक चॅप्टर असतात, सीईटी सेलच्या सिलॅबसमध्ये नावं आहेत. मागच्या पाच मॉक काढ आणि अकरावीच्या प्रश्नांवर पेन्सिलने गोल कर, किती गेले ते बघ. मला वाटतं तुला फिजिक्सचे ते २८ का अडलेत त्याचं उत्तर तिथेच सापडेल. पर्म्युटेशन कॉम्बिनेशनला जीव नको लावूस, वेळ खातं. सर्कल, स्ट्रेट लाइन, कॉम्प्लेक्स नंबर हे आधी.

रोज मॉक मात्र बंद. आठवड्याला दोन फुल पेपर, ज्या दिवशी पेपर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी, आणि तपासणीला पेपरएवढाच वेळ लागणार हे धरूनच चल. मधल्या दिवशी फारतर अर्धा पेपर, एक दिवस नुसतं गणित ९० मिनिटं. शेवटच्या दोन आठवड्यांत एक दिवसाआड कर. शेवटचे दोन-तीन दिवस काहीच नको, वही वाच. उत्तरसूची चुकीची वाटली तर एकदा मैत्रिणीला विचार आणि सोडून दे, मॉकमध्ये असतातच चुका, २०२५ ला तर खऱ्या सीईटीच्या एका शिफ्टला गणिताच्या पेपरात एवढ्या चुका निघाल्या की परत परीक्षा घ्यावी लागली, तर ॲपवाल्यांचं काय घेऊन बसलीस.

हा पुढचा तुकडा बाबांना वाचायला दे.

काका, राग मानू नका. तुम्ही पोरीसाठी करताय हे कळतंय, रोज कागदावर लिहायचं म्हणजे लक्ष आहे म्हणूनच. पण वर तो तुक्क्यांचा हिशोब वाचा, तुमच्या स्केचपेनचा लाल आणि निळा रंग बराचसा त्या तुक्क्यांवरून ठरतोय. कागद काढा असं मी म्हणत नाही. त्यावरचे रकाने बदला. पक्के किती, वेळेअभावी किती गेले, येत असून किती चुकले, हे तीन, आणि आठवड्यातून दोनदाच. आणि खरंच मदत करायची असेल तर पेपरच्या दिवशी तीन तास तिच्या खोलीबाहेर बसा, मोबाइल तुमच्याकडे ठेवा, ९० मिनिटं झाली की आत जाऊन फिजिक्स केमिस्ट्रीचा पेपर हातातून काढून घ्या, ती 'दोन मिनिटं, दोन मिनिटं' म्हणेल, देऊ नका. क्लासच्या रँक लिस्टचा ग्रुप ताईंच्या फोनवर म्यूट करून टाका, त्या लिस्टमध्ये पहिला येणारा आणि तुमची मुलगी एकाच शिफ्टला असतील याचीही खात्री नाही. कमी आले की 'का कमी आले' असं विचारू नका, त्याचं उत्तर तिला तपासून झाल्याशिवाय माहीत नसतं. 'तपासून झालं का' एवढंच विचारा.

परत तू. हॉल तिकीट आलं की आधी शिफ्ट बघ. सकाळची ९ ते १२ असते, दुपारची २ ते ५. मग उरलेल्या मॉक त्याच वेळेला द्यायच्या. सध्या तू रात्री नऊला बसतेस असं स्क्रीनशॉटवरची वेळ सांगते, परीक्षा काही रात्री होत नाही. दुपारची आली तर जेवून लगेच बसायची सवय आत्तापासून लाव, पहिल्या दोन दिवशी तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागतील आणि गणित बरोबर त्याच वेळी येतं, साडेतीनला. भात कमी खा.